खालीची लांबी

मी चौदा वर्षं जर्मनीत मिक्सर चालवला. मिक्सर चालवते, एवढंच पहिल्यांदा सुट्टीवर ग्वाल्हेरला आले तेव्हा मी खासगी बाजारात आमच्या समोर राहणाऱ्या नानांना ऐकवलं होतं. नाना कळवळून म्हणाले, "कुठल्या हॉटेलात गं, वसू? एम.ए. होऊन चटण्या वाटतेस?"

तेव्हापासून खुलासा आधी करते. माझा मिक्सर आवाजाचा. रंगमंचावर जे जे वाजतं, गायलं जातं, त्या प्रत्येकाची एक तार माझ्या टेबलापर्यंत येते. प्रत्येक तारेला एक सरकती पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. कोणाचा आवाज लोकांपर्यंत किती पोचवायचा हे त्या पट्ट्यांवर ठरतं. वाजवणाऱ्याला स्वतःला काही ठरवता येत नाही, कारण समोर बसलेल्यांना काय ऐकू येतंय ते त्याला कधीच ऐकू येत नाही. तेव्हा टेबलावरच्या माणसावर विश्वास टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. या धंद्याचं मर्म एवढंच. बाकी सगळं तारा गुंडाळणं.

आमच्या बँडचं नाव 'खासगी'. माझा धाकटा भाऊ मुकुंद ड्रम वाजवायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र रणजित गातो आणि गिटार वाजवतो. पल्लवी साताऱ्याची, लाइपझिगला इंजिनिअरिंग शिकायला आलेली. ती बास गिटार वाजवते. गाणी आमची स्वतःची, शब्द मराठी, मधूनच हिंदी, कारण रणजितचं वाक्य मराठीत सुरू झालं तरी कुठल्या भाषेत संपेल ते त्यालाच ठाऊक नसतं. तो नोकरीसाठी आधी लाइपझिगला गेला होता. त्यानं मुकुंदला बोलावलं, आणि महाराज बाड्यावरच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या मुख्य चौकातल्या, एका बँकेतली नोकरी सोडून मुकुंद गेला. आई म्हणाली, वसू, तीन महिने जा आणि त्याला ठिकाणावर लावून ये. ते तीन महिने चौदा वर्षं चालले.

मुकुंद गेल्या वर्षी गेला. लाइपझिगच्या घरी, दुपारी चारला, चहा टाकून खुर्चीवर बसला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा. मी त्याला घेऊन ग्वाल्हेरला आले आणि परत गेले नाही. वाचत बसायचे. एकच पान दोनदा वाचलं तरी कळायचं नाही की आपण हे वाचलंय. चार-पाच महिन्यांनी रणजितचा फोन आला.

"ताई, एक प्रोग्राम ग्वाल्हेरला करू. फक्त एक. त्याच्याशिवाय जमला, तो बँड पुढे. नाही जमला तर खतम. घरून निघालो होतो न, घरीच येऊन बंद करू."

"ड्रमला कोण?"

"योहाना येते म्हणाली."

"आणि मिक्सरवर?"

तो म्हणाला, "ताई, यार."

कार्यक्रमाचं पुढे सांगते. आधी आम्ही तिकडे करत काय होतो ते सांगायला हवं, नाहीतर योहाना कोण ते कळणार नाही.

पहिलं वर्ष आम्ही एका जुन्या व्हॅनमध्ये काढलं. आज या गावात, परवा त्या गावात, तळघरातल्या एखाद्या क्लबात तीस माणसं. ठरलेलं जेवण म्हणजे बटाट्याचं सूप. मुकुंद म्हणायचा, बटाट्याची भाजी हे लोक सोमवारी करतात, आणि आमच्यासारखे पाहुणे आले की तीत पाणी घालतात. माझं नाव सगळीकडे 'ताई' असं छापलं जायचं, कारण ही तिघं मला तीच हाक मारत. एका क्लबानं तर 'श्री. ताई' लिहून आणि दाढीचं सामान ठेवून माझी खोली सजवली होती.

लाइपझिगला एका बंद कारखान्यात उवे नावाचा माणूस क्लब चालवायचा. उंच, सज्जन, दिवसाला वीस शब्द बोलणारा. त्याच्याकडे आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. दुपारी पाटी लिहिताना त्यानं मला विचारलं, "नावाचा अर्थ काय?"

तो प्रश्न त्यानं रणजितला विचारला असता तर बरं झालं असतं. मी शिकलेली बाई. मी त्याला सांगितलं, आम्ही खासगी बाजारातले. संस्थानाच्या काळात राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाचं जे खातं असे त्याला खासगी म्हणत, त्यावरून त्या भागाचं नाव पडलं. मूळ शब्द असा, त्याचा प्रवास असा. पंधरा मिनिटं बोलले. उवेनं मन लावून ऐकलं आणि वहीत एक शब्द लिहून घेतला.

संध्याकाळी आम्ही तयार होऊन बसलो. मुकुंद खिडकीतून बघत होता.

"ताई, लोक येतायत."

"मग छान झालं की."

"येतायत आणि जातायत. दारापर्यंत येतात, मान डोलावतात आणि जातात. लांबून देवदर्शन घेतल्यासारखं."

मी बाहेर जाऊन पाहिलं. पाटीवर वर आमचं नाव, ते कोणाला वाचता येत नव्हतं. आणि खाली, ठसठशीत, त्याचा जर्मन अर्थ: 'प्रिवाट'. म्हणजे आज आत कोणाचा तरी घरगुती समारंभ आहे, इतरांनी येऊ नये. जर्मन माणूस पाटीवर लिहिलेलं मानतो. आमच्या नई सडकेवर 'आत येण्यास मनाई' असं लिहिलं असतं, तर आहे काय आत, म्हणून पन्नास जण सहज शिरले असते.

एक बाई मात्र आत आली. सरळ नाकाची, केस बारीक कापलेली. दारातच उवेला म्हणाली, "समारंभ कोणाचाही असो, मी तिकीट काढलंय."

ती योहाना. संगीतशाळेत ड्रम शिकवायची. आम्ही तिच्या एकटीसाठी सगळी अकरा गाणी वाजवली. प्रत्येक गाण्यानंतर ती एकटी नीट, न घाई करता टाळ्या वाजवायची, आणि रणजित दर वेळी कमरेत वाकून नमस्कार करायचा. शेवटी ती मुकुंदपाशी गेली आणि म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात तू एक मात्रा खाल्लीस."

मुकुंद हरखून माझ्याकडे धावत आला. "ताई, नानांनंतर पहिल्यांदा कोणी तरी पकडलं गं!" त्या दिवसापासून दोघांची मैत्री जमली.

मुकुंद आधी तबला शिकला होता, नानांकडे. मात्रा खायची खोड तेव्हापासूनची. नाना मांडीवर ताल धरून बसायचे आणि म्हणायचे, "मुकुंदराव, सम येऊन गेली. आपली भेट झाली नाही."

आता धंद्यातलं एक गुपित सांगते. सांगायला हरकत नाही, व्यवसायातल्या कोणालाही विचारा, तो हसेल आणि नाही म्हणेल. नई सडकेवर आमच्या बाबांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्नं, गणपती, निवडणुकीच्या सभा. मी तिथेच शिकले. बाबांच्या यंत्रावर एक भलं मोठं काळं बटण होतं, ते कशालाच जोडलेलं नव्हतं. लग्नात मुलाकडचे कोणी येऊन म्हणाले, आवाज फार आहे, की बाबा अतिशय आदरानं ते बटण डावीकडे फिरवायचे आणि विचारायचे, "आता बघा?" तेही म्हणायचे, "हां, आता कसं!" बाबा त्याला व्याह्यांचं बटण म्हणायचे. व्याह्यांना आवाज कमी नको असतो, आपण सांगितलेलं कोणी ऐकलं एवढंच हवं असतं.

मी जर्मनीला गेल्यावर तिथल्या माझ्या मिक्सरवरही तसंच एक जादा काळं बटण बसवून घेतलं. ते एकदा मराठी मंडळाच्या गणपतीत कामी आलं. त्या लोकांनी बँड म्हणून बोलावलं आणि आल्यावर विचारलं, पेटी नाही का आणली? दुसऱ्याच गाण्याला एक काकू माझ्याजवळ आल्या.

"अहो, जरा हळू. बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत, त्यांना हळू वाजवलं तरी ऐकू येतं."

मी बटण डावीकडे फिरवलं.

"आता कसं गोड वाटतंय!"

त्या जाऊन बसल्या आणि त्यांचे यजमान आले. "काही ऐकू येत नाही हो मागे." मी तेच बटण उजवीकडे फिरवलं. "वा!" म्हणाले आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसले. दोघांचाही कार्यक्रम उत्तम झाला. तो संसार त्या दिवशी मी वाचवला असं मला अजूनही वाटतं.

हे विनोदी आहे, पण पुढचं सांगताना मला जरा थांबावं लागतं. प्रत्येक ड्रमवाल्याला वाटतं की आपला आवाज कमी येतोय. कार्यक्रमाआधी सगळे आवाज तपासून घेतात, तेव्हा मुकुंद दर वेळी म्हणायचा, "ताई, मला थोडा वर घे ना." आणि मी दर वेळी व्याह्यांचं बटण फिरवायची. तो म्हणायचा, "हां, आता कसं!" चौदा वर्षं. मला गंमत वाटायची.

आता 'खाली'ची गोष्ट. आमचं जे काही नाव झालं ते या एका शब्दामुळे, आणि तो शब्द कोणालाच नीट कळला नव्हता.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एका गावाबाहेरच्या महोत्सवात वाजवायला मिळालं. उघडं मैदान, हजारभर माणसं, आणि थंडी अशी की रणजित सकाळपासून म्हणत होता, "मला ठंड लागून राहिली आहे." आणि पल्लवी दर वेळी त्याला म्हणत होती, "थंडी वाजते म्हणावं, ठंड लागून राहत नाही. काय ओ तुमचं मराठी!" त्या कार्यक्रमावर पुष्कळ काही अवलंबून होतं. तिथे राहण्याचा आमचा परवाना संपत आला होता आणि तो वाढवायला पुढच्या कार्यक्रमांची पत्रं दाखवावी लागतात. पत्रं देणारे लोक त्या मैदानात उभे होते.

शेवटचं गाणं संथ लयीचं, सोळा मात्रांच्या फेऱ्यांत बांधलेलं होतं. अर्ध्यावर आलो आणि रणजितच्या गिटारला जोडलेल्या पेटीतली बॅटरी संपली. तो आमच्याकडे वळून जीव तोडून ओरडला, "खाली!"

त्याला हिंदीतलं खाली म्हणायचं होतं. रिकामी. बॅटरी रिकामी झाली.

पल्लवी साताऱ्याची. तिनं खाली म्हणजे खाली असंच ऐकलं. काही तरी डोक्यावर पडतंय असं समजून ती गिटारसकट मटकन खाली बसली. मला वाटलं, आवाज खाली घ्या म्हणतोय; मी सगळे फेडर एकदम खाली ओढले. आणि मुकुंद नानांचा शिष्य. तबल्यात तालाच्या ज्या जागी ठोका द्यायचा नसतो, हात नुसता हवेत उलटा करायचा असतो, त्या जागेला खाली म्हणतात. सोळा मात्रांत ती नववी. आणि योगायोग असा की रणजित बरोबर नवव्या मात्रेवर ओरडला होता. मुकुंदनं शिस्तीत दोन्ही हात वर उचलले आणि थांबवले.

हजार माणसांच्या मैदानात पूर्ण शांतता पसरली. दूर कुठे तरी एक कुत्रं भुंकलं, तेही समजूतदारपणे एकदाच.

मुकुंदला ठाऊक होतं की आठ मात्रांनी सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, येते आणि तिथे आपण यायचं असतं. पण थंडीत घाम आला की त्याच्या चष्म्यावर वाफ धरायची. त्याला समोरचं काही दिसेना. म्हणून त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं एक काच पुसली, दुसरी पुसली, उजेडात धरून पाहिली, परत पहिली पुसली, डोळ्यांवर चढवला, आणि मग सगळ्या ताकदीनिशी ठोका दिला. मी घाबरून फेडर वर केले, पल्लवी उठली, आणि मैदान अक्षरशः फुटलं. लोक ओरडत होते, उड्या मारत होते.

तिथल्या वर्तमानपत्रात आलं की या भारतीय बँडनं शांतता हे वाद्य म्हणून वाजवून दाखवलं. पत्रं मिळाली, परवाना वाढला, त्या गाण्यामुळे आमची पहिली रेकॉर्ड निघाली. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात लोक शेवटच्या गाण्याची वाट बघायचे. रणजित 'खाली' म्हणून ओरडायचा, पल्लवी खाली बसायची, मी फेडर ओढायची आणि मुकुंद चष्मा पुसायचा. ड्रमच्या मागे, अंधारात. रंगमंचावरचे दिवे आम्ही त्या वेळी मालवायचो, त्यामुळे तो काय करतो ते कोणालाही दिसायचं नाही. रणजित-पल्लवीलाही नाही, कारण त्यांची पाठ असायची. मला मात्र दिसायचं. चाळीस फुटांवरून भावाची चष्मा पुसायची हालचाल ओळखायला उजेड लागत नाही.

ही शांतता कधी अकरा मात्रांची व्हायची, कधी एकोणीस, एकदा सत्तावीस. यावर लोकांनी फार विचार केला. एक गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन सात गावांना आले. त्यांनी आलेख काढला होता. कार्यक्रमानंतर त्यांनी मुकुंदला गाठलं आणि विचारलं, यामागे काही प्राचीन भारतीय गणित आहे का?

मुकुंद गंभीरपणे म्हणाला, "थंडीवर अवलंबून असतं."

ते म्हणाले, "म्हणजे ऋतुचक्राशी संबंध आहे!" आणि लिहून घेतलं. व्हॅनमध्ये मुकुंद गुडघ्यांत तोंड घालून हसत होता. रणजितनं विचारलं, "अरे, पण खरंच तू किती मोजतो?" मुकुंदनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते मी आणि ताई." तेवढंच. आम्ही कोणालाच सांगितलं नाही.

तर ग्वाल्हेरचा कार्यक्रम. बाड्याजवळच्या एका सभागृहात, संध्याकाळी पाच वाजता, कारण आमच्या लश्कर भागातल्या मराठी मंडळींना साडेआठला पानावर बसायचं असतं. योहाना चार दिवस आधी आली, लाइपझिगहून माझा मिक्सर घेऊन. तिच्याजवळ एक वही होती, त्यात प्रत्येक गाण्याच्या मात्रा मोजून लिहिलेल्या. फक्त 'खाली'समोर प्रश्नचिन्ह होतं.

"ताई, आकडा किती?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

मी म्हटलं, "सांगते."

दुसऱ्या दिवशीही म्हटलं, सांगते. तालमीत ती कधी दहाला यायची, कधी पंधराला. पल्लवी उठायला उशीर करायची, रणजित आधीच सुरू व्हायचा, सगळं ढासळायचं. तिसऱ्या दिवशी रणजितनं गिटार खाली ठेवली. "ताई, सच सांगतो, हे गाणं नाही झालं तर माझ्यानं पुढे नाही होणार. आणि हे गाणं सोडून प्रोग्राम करायचा, तर मग तो करायचाच कशाला?" पल्लवी खाली बसली होती तशीच बसून राहिली.

मी का सांगत नव्हते? त्याची माझ्याजवळ एवढीच एक वस्तू अशी होती जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. कपडे वाटून झाले होते. ही एक गंमत उरली होती. ती सांगितली की माझ्याकडे काय राहणार, असा हिशेब मी करत बसले होते. शोकात माणूस मोठा होतो असं पुस्तकांत लिहितात. मी चिक्कू झाले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आवाज तपासत होतो. योहाना ड्रमच्या मागून म्हणाली, "ताई, मला थोडं वर घे."

माझा हात सवयीनं काळ्या बटणाकडे गेला.

"ते नको," ती म्हणाली. "खरं."

"तुला कोणी सांगितलं?"

"मुकुंदनं. त्यानं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. म्हणाला, ते दुकान माझ्याही बाबांचं होतं."

हे माझ्या चौदा वर्षांत एकदाही लक्षात आलं नव्हतं. त्याच दुकानात, त्याच यंत्राच्या खाली बसून तो गृहपाठ करायचा.

"मग 'आता कसं' म्हणायचा ते?"

योहानानं जरा आठवून सांगितलं, "म्हणाला, ताईला काही तरी द्यायचं असतं. घेतलं की तिला बरं वाटतं."

मी ड्रमचा फेडर वर केला, खराखुरा. मग टेबल सोडून रंगमंचावर गेले आणि तिला चष्म्याची गोष्ट सांगितली. रणजित, पल्लवी ऐकत होते. रणजित म्हणाला, "चष्मा? बारा साल मी लोकांना सांगत होतो की आमच्या ग्वाल्हेरच्या गायकीचा हिसाब आहे!" पल्लवी हसता हसता रडायला लागली. योहाना मात्र हसली नाही. तिनं वही उघडली, विचार केला आणि म्हणाली, "पण मी चष्मा लावत नाही."

मी नकळत माझा चष्मा नाकावर नीट केला.

"तू लावतेस," ती मला म्हणाली. "तुझ्या टेबलावर छोटा दिवा असतो, मला तिथून तू दिसतेस. तू पूस. तू डोळ्यांवर चढवलास की मी ठोका देईन."

पाच वाजता सभागृह भरलं. पुढच्या रांगांत सगळी जुनी मंडळी, शाली, काठ्या, श्रवणयंत्रं. नाना पहिल्या रांगेत मधोमध. त्यांना आता नीट चालवत नाही, तरी दुसऱ्या गाण्याला ते काठी टेकत मागे माझ्यापर्यंत आले.

"वसू, ते ढोल जरा हळू करव न."

मी व्याह्यांचं बटण डावीकडे फिरवलं.

"हां," नाना म्हणाले, "आता कसं!"

आणि काठी टेकत परत गेले. माझ्या चष्म्यावर तेव्हाच वाफ धरायला सुरुवात झाली होती.

शेवटचं गाणं सुरू झालं. रणजितनं सांगितलं की हे मुकुंदचं. आणि तो थेट गायलाच लागला. अर्ध्यावर येऊन तो वळला आणि ओरडला, "खाली!" पल्लवी बसली, योहानाचे हात वर गेले, मी फेडर ओढले, रंगमंचावरचे दिवे मालवले. मी चष्मा काढला.

चष्म्याशिवाय मला फार थोडं दिसतं. पण त्या अंधारात मला पुढच्या रांगांत फिकट ठिपके हलताना दिसले. खूप ठिपके, एकाच वेळी. आधी कळेना काय ते. मग कळलं, ते हात होते. आमची सगळी जुनी मंडळी इतका वेळ मांडीवर ताल धरून बसली होती. नवव्या मात्रेला रणजित खाली म्हणाला आणि त्यांनी लहानपणापासून करत आलेली गोष्ट केली: हात उलटा करून हवेत धरला. त्यांच्या दृष्टीनं यात शांतता वगैरे काही नव्हती. ताल चालूच होता.

दहा, अकरा, बारा. माझी एक काचही पुसून झाली नव्हती. पदराचं टोक ओलं होतं आणि काच आणखी धुरकट होत होती. तेराव्या मात्रेला बारीकशी टाळी पडली, शिस्तीत, तालात तिथे टाळी असते म्हणून. एका आजोबांची चौदाव्या मात्रेला पडली आणि शेजारच्या बाई त्यांना "अहो!" म्हणाल्या. पंधरा. सोळा. आणि सम आली. सगळ्या सभागृहानं एकदम टाळी दिली. योहाना नेमकेपणाची बाई. तेराव्याच मात्रेला तिला कळून चुकलं होतं की आज चष्म्याची वाट बघायची नाही. तिचा ठोका आणि ती टाळी यांत केसाइतकंही अंतर नव्हतं.

फेडर वर करायचं माझ्या लक्षात राहिलं, हे मी माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम समजते. हात आपसूक गेला. चष्मा दुसऱ्या हातात तसाच होता.

कार्यक्रम संपल्यावर नाना लोकांना सांगत होते, "किती वेळा सांगितलं होतं त्याला, आठच असतात म्हणून! ऐकलंन तर शपथ." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आज आला बघ समेवर." आणि काठी शोधायच्या निमित्तानं खाली वाकले.

पुढे काय करायचं हे कोणी कोणाला विचारलं नाही. रणजित तारा गुंडाळता गुंडाळता पल्लवीला पुढच्या महिन्यातल्या गावांची नावं सांगत होता, आणि पल्लवी त्याचं मराठी सुधारत होती, म्हणजे सगळं ठीक होतं. योहाना वही घेऊन माझ्याजवळ आली. तिनं 'खाली'समोरचं प्रश्नचिन्ह खोडलं होतं.

"आठ लिहू?"

"नको," मी म्हटलं. "लाइपझिगला टाळी द्यायला नाना नसतील."

तिनं पेन्सिल तशीच धरून ठेवली. "मग काय लिहू?"

मी चष्मा एकदाचा नीट पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"चष्मा लिही," मी म्हटलं. "तुमच्याबरोबर येतोय."